हृदयगादी बेपत्ता

"मी सोडवू शकणार नाही असं रहस्य अजून जन्माला यायचंय. आलंच, तर आधी माझी परवानगी घेईल," भिंगराव म्हणाले आणि त्यांनी मदतनिसाच्या चहात आपलं बिस्कीट बुडवलं. ते तळाशी गेलं. त्याचा काही त्यांना शोध लागला नाही.

भिंगराव शरीररचना कोशाचे प्रमुख. हातात कायम भिंग, म्हणून हे नाव. कोशाचा नियम साधा होता. गर्भातल्या प्रत्येक ऊतीपुढे, मोठ्या माणसाच्या शरीरात तिची जागा दाखवायची. आज 'हृदयगादी' नावाची ऊती अडली होती. गर्भाच्या हृदयात ती ठळक होती, मोठ्यांच्या हृदयात मात्र तिचा मागमूस नव्हता. जागा सापडल्याशिवाय प्रकरण छपाईला जाणार नव्हतं, आणि प्रकरण गेल्याशिवाय मदतनीस घरी जाणार नव्हता. त्याची मुलगी संध्याकाळच्या गाडीने नोकरीच्या गावी निघणार होती. बायको गेल्यापासून घरात बोलायला तेवढी एकच होती.

"चोरी!" भिंगराव गरजले. "शेजारच्या फुप्फुसाने ढापली. सारखं फुगतं, तेव्हाच मला संशय आला होता."

"साहेब, फुप्फुसाचं प्रकरण तुम्हीच तपासलंय."

"मग गादी मुळात नव्हतीच. चित्रकाराच्या चष्म्यावर डाग होता."

"सगळ्या चित्रांत आहे, साहेब."

भिंगरावांनी भिंग थेट मदतनिसाच्या नाकाशी आणलं. "तुम्ही सारखे घड्याळाकडे का बघता? गुन्हेगार अगदी असंच बघतो!"

तेवढ्यात दार उघडलं. मुलगी बॅग घेऊन उभी होती. "बाबा, गाडीची वेळ झाली. म्हटलं, तुम्ही काही येत नाही, मीच येते."

"एवढी गादी सापडू दे गं," मदतनीस कळवळून म्हणाला.

तिने दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. "इथे गादी आहे ना? तिथे बरोबर त्याच जागी झडपा आणि मधला पडदा आहे. हरवलीय कुठे? मोठी झालीय. मोठेपणी कोण झबलं घालून फिरतं, काका?"

भिंगरावांनी दोन्ही चित्रांवरून भिंग फिरवलं.

"माझाही हाच तर्क होता," भिंगराव म्हणाले. "फक्त ओठांवर आला नव्हता."

मदतनिसाने नोंद भरली, प्रकरण धाडलं आणि बॅगेला हात घातला.

"मी घेते ना, बाबा."

"राहू दे."

दोघं दारापर्यंत पोचले, तोच मागून हाक आली. "थांबा! तुमची ती एवढीशी पोर, माझं भिंग पळवायची, ती हल्ली दिसत नाही. कुठे गेली?"

मदतनिसाने मुलीकडे पाहिलं.

"गावाला निघालीय, साहेब," तो म्हणाला.