धवला आणि बांधलेलं बटण

“मना काय दोन तोंडां हायत?”

आवडाबाईंनी गोविंदाला विचारलं. प्रश्न रास्त होता. मोहन्यात त्याच्या मुलाची, मयूरची हळद, शेजारच्या गाळेगावात होणाऱ्या सुनेची, म्हणजे समृद्धीची हळद. संध्याकाळ एक, मुहूर्त एक. आणि धवला गाऊन, देवांना नावानिशी बोलावून हळद लावून देणारी धवलारीण आसपासच्या गावांत एकच उरलेली. बाकीच्या देवाघरी गेल्या होत्या, नाहीतर लेकींकडे बदलापूरला.

विहीणबाई सगुणा यांनी साखरपुड्यातच सांगून टाकलं होतं, “डीजे लावा, नका लावू. पन आवडाबायनं देव बोलवल्याबिगर माझ्या पोरीला हलद लागनार नाय. आन् हलद नाय तं लगीन नाय.” गोविंदाने चारचौघांत छातीवर हात ठेवून शब्द दिला. हळदी दोन असतात, हे त्याला घरी आल्यावर तुळसाने सांगितलं. बायको या नात्याने तिने आणखीही बरंच सांगितलं, ते इथे नको.

“मंग आते, फोनवर गा ना,” गोविंदा म्हणाला.

“फोनचं नाव काढू नको.” आवडाबाईंनी तोंड फिरवलं. मागे कोणीतरी त्यांचा धवला फोनवर टिपला आणि त्यावर एक कुत्रा नाचताना दाखवला. सगळ्या कल्याणने तो कुत्रा पाहिला. “गायलं आन् हवेत गेलं, असं यंत्र असंल तं आन. गानं धरून ठेवनारं नको.”

असं यंत्र गोविंदाला ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या फुटपाथवर मिळालं. दोन वॉकीटॉकी, एक जोडी, भाव किलोभर पापलेटाचा. खोक्यावर बर्फाच्या डोंगरात उभा असलेला एक गोरा सैनिक, आणि खाली ‘पाच किलोमीटर’.

“खरंच पाच जातं?” गोविंदाने विचारलं.

“डोंगरात जातं, काका. आपल्याकडं बिल्डिंगी हायत.”

चाचणी घेतली. दुसरं यंत्र खाली तुळसाकडे देऊन, तिलाच गाळेगाव समजून, गोविंदाने मोहन्याच्या गच्चीवर बटण दाबलं. “हॅलो, गाळेगाव?”

“गेट नंबर दोन बोलतोय सर,” यंत्र म्हणालं. “सी विंगचं पार्सल आलंय.”

गोविंदाच्या वडिलांच्या भातशेतीवर जो टॉवर उभा होता, त्याचे वॉचमन याच चॅनलवर बोलत. चॅनल बदलायची खुंटी पहिल्याच दिवशी तुटून हातात आली होती. पण आपल्याच जमिनीवरून आपला आवाज जातोय, त्यात लाजायचं काय, असं म्हणून गोविंदाने दुसरं यंत्र गाळेगावला नेलं आणि विहीणबाईंच्या मांडवात लाउडस्पीकरच्या माइकसमोर ठेवलं.

“बटन दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं,” त्याने समजावलं. “एका टायमाला एकच मानूस बोलतो.”

“माझ्यासमोर तसंच असतं,” सगुणाबाई म्हणाल्या.

◦ ◦ ◦

हळदीच्या संध्याकाळी एक अडचण आली. धवला म्हणताना आवडाबाईंचे दोन्ही हात कामात: एकात तांदूळ, दुसऱ्यात हळद. अंगठा बटणावरून घसरायचा आणि बोलावलेला देव अर्ध्या वाटेतच राहायचा. गोविंदाने ताटातला पूजेचा लाल दोरा उचलला, बटणावर चार वेढे घालून गाठ मारली आणि स्वतःच्या हुशारीकडे कौतुकाने पाहिलं.

आवडाबाईंनी सूर लावला. गावदेवी आली, वेशीवरचा आला, खाडीवरचा आला, घरातले मेलेले सगळे आले. डीजेवाल्यानेही टोपी काढली. धवला संपला, मयूरला हळद लागली. इथे दोरा सोडायला हवा होता.

सोडला नाही.

(इथून पुढे गाळेगावचं बोलणं छापलेलं नाही. इकडचं बटण दाबलेलं असल्यामुळे ते या कथेपर्यंत पोहोचू शकलं नाही. वाचकांनी जागा मोकळी समजावी.)

मोहने: “काय गो तुळसा, इहिनीनं साडी कनची नेसलीय?”

गाळेगाव:

मोहने: “आपन दिलेली जांभली. आते, कोनाला सांगू नको, ती मला नणंदेनं बारशाला दिलेली. पदराला भोक होतं, रफू केलं.”

गाळेगाव:

मोहने: “कललं नाय तिला?”

गाळेगाव:

मोहने: “तिला काय कलतंय! नाक येवढं वर धरून चालते, पदर दिसनार कसा?”

गाळेगाव:

बायका हसल्या. मग सगुणाबाईंच्या वालाच्या बिरड्यात मीठ किती असतं हा विषय निघाला, मग त्यांच्या घोरण्याचा. गोविंदा मात्र खुशीत होता. गाळेगावहून एकही तक्रार नव्हती. ज्या बाईने साखरपुड्यात पानसुपारीलाही नाव ठेवलं, ती गप्प आहे म्हणजे धवला तिच्या काळजाला भिडला असणार. त्याने स्वतःला आणखी एक जिलेबी वाढून घेतली.

तेवढ्यात टॉवरचा वॉचमन उत्तम मांडवात शिरला. हातात गोविंदाच्यासारखंच यंत्र.

“काका, लाइन सोडा ना! तासभर आमचं गेट बंद पडलंय. सी विंगच्या मॅडम खाली येऊन भांडतायत.”

“तुझ्या गेटचा आन् माझा काय संबंध?”

“अहो, काकींचा आवाज येतोय!”

“बिरड्याचं सोड,” यंत्राशेजारी बसलेली तुळसा आवडाबाईंना सांगत होती. “घोरते ती—”

“—घोरते ती—” उत्तमच्या हातातलं यंत्र तुळसाच्या आवाजात म्हणालं, आणि मग दोन्ही यंत्रं समोरासमोर आल्यामुळे अशी कर्कश शिट्टी वाजली की जेवणाऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

तुळसाचा हात तोंडावर गेला. गोविंदाची जिलेबी हातातच राहिली.

“म्हनजे... गाळेगावला?”

“तिकडं तर लाउडस्पीकर आहे म्हणे,” उत्तम म्हणाला. “आमचा जेवायचा टाइम मस्त गेला. पण गेट, काका!”

गोविंदाने दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. हळदीने भिजलेली गाठ सुटेना. दातांनी तोडली. यंत्र एकदा खाकरलं, आणि त्यातून काहीच आलं नाही. कारण बोलणारी बाई यंत्र सोडून निघाली होती.

ती मांडवाच्या दारात उभी होती. जांभळी साडी, पदर खोचलेला, मागे गाळेगावच्या बायका. मोडलं लग्न, असं गोविंदाला स्पष्ट दिसलं. तो हात जोडून पुढे झाला. “ताई, चूक माझी. हलदीचं तेवढं...”

“हलद लागली. धवला सोन्यावानी आला.” सगुणाबाईंनी त्याला बाजूला सारलं. “भांडन त्याचं नायच. तासभर मी ते बटन दाबतंय, बोलतंय, एक शब्द जाईना! इहिनीनं बोल लावायचा आन् इहिनीनं परतवायचा नाय? माझ्याच दारात माझ्याच तोंडाला कुलूप? तुळसाबाय, उठा. सव्वीस वर्सांच्या घोड्याचं डोकं अजून आय पुसते, ते आमच्या कानावर नाय आलं वाटतं?”

मांडवात एकच हशा झाला. पाटावर बसलेला मयूर हळदीच्या खाली लाल झाला. तुळसा पदर सावरून उठली. पुढचं बराच वेळ दोन्हीकडून गाऊन, न गाऊन, हातवारे करून चाललं. आवडाबाई मध्ये बसून कोणाचं वरचढ झालं ते सांगत होत्या. शेवटी दोन्ही विहिणी घसा बसेपर्यंत भांडून एकाच ताटात जेवल्या.

“रफू कोनाकडं केलं?” सगुणाबाईंनी घास घेत विचारलं. “बेस हाय.”

निघताना त्यांनी गोविंदाला बाजूला घेतलं. “ते यंत्र माझ्याकडंच राहील. जोडीचं तुमच्या फ्रिजवर ठेवा, बटन बांधून. पोरगी तुमच्या घरात यायचीय. बोलनं कसं चाललंय, ते मना ऐकू आलं पायजे.”

◦ ◦ ◦

लग्न झालं. यंत्र फ्रिजवर बसलं, नव्या दोऱ्याने बांधलेलं. गोविंदाच्या घराची भाषा बदलली. तुळसा फ्रिजजवळून जाताना मोठ्याने म्हणायची, “समृद्धी, बाय, जरा टेक हो, दमलीस.” मयूर स्वतःचं डोकं स्वतः पुसू लागला, आणि तेही फ्रिजला ऐकू जाईल असं सांगून. घरात चिडायचं झालं तर माणसं गच्चीवर जाऊन चिडत.

एका सकाळी धूळ झटकायला म्हणून गोविंदाने यंत्र उचललं. हलकं लागलं. त्याने मागचं झाकण सरकवलं. आत बॅटरी नव्हती; बटण बांधूनही उत्तमचं गेट का अडत नाही, ते आता कळलं. तिच्या जागी कोळ्याने घर केलं होतं.

त्याने तोंड उघडलं. समोर स्वयंपाकघराच्या दारात समृद्धी उभी होती, ओठांवर बोट ठेवून.

गोविंदाने झाकण लावलं, यंत्र जागेवर ठेवलं, आणि बसता बसता खणखणीत आवाजात म्हणाला,

“सूनबाई, चहा एक नंबर झालाय हो!”

चहा अजून गॅसवरही चढला नव्हता.