तळ्यापलीकडचा नवरदेव

या प्रकरणात भाऊजींचा फायदा किती होता, ते आधी सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं उगाच कुणाला त्यांची दया यायला नको.

गाडी फुकट. डोंगरातल्या विश्रामगृहाची खोली फुकट. जेवण फुकट, वर लागेल तेवढा चहा. पहाटेचं धुकं तर जात्याच फुकट! आणि फ्रेममध्ये उभं करायला दोन तरुण, देखणी, सांगितलेलं ऐकणारी माणसं, तीही फुकट. बदल्यात भाऊजींनी द्यायचं काय? तर मेव्हणीचे लग्नाआधीचे फोटो, जे त्यांना एरवीही काढावे लागणारच होते.

"कोणाचं काही जात नाही यात!" ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही असं म्हणालात की मला धडधडायलाच लागतं," बायको म्हणाली.

भाऊजी फोटोग्राफर होते. नोकरी नाही, स्टुडिओ नाही; येईल ते काम आपलं. लग्न आलं की लग्न, ओळखपत्रासाठी चेहरा आला की चेहरा. मेव्हणी त्यांना भाऊजी म्हणायची, तिचं ऐकून सासूबाईही भाऊजी म्हणायला लागल्या, आणि शेवटी शेजारपाजारच्यांनीही तेच नाव उचललं. पोटासाठी ते लग्नात उभे असत, पण मनानं ते प्रवासी होते. मनानंच, कारण खिशाला ते झेपत नव्हतं. कित्येक वर्षं त्यांची एकाच जागी गेली होती: व्यासपीठासमोर, नातेवाइकांच्या रांगेपुढं. "काका, जरा हसा. अहो, तुम्ही नाही, मागचे काका. तुम्ही हसू नका, तुमचे डोळे मिटतायत!"

अशात एका प्रवास-मासिकानं जाहीर केलं की त्यांना एक फिरता फोटोग्राफर हवा आहे. वर्षभर देशोदेशी हिंडायचं, खर्च मासिकाचा. फक्त नमुन्याचे फोटो पाठवा. भाऊजींनी आपला साठा उघडून पाहिला. हजारो काका होते. डोंगर एकही नव्हता!

म्हणून मेव्हणीच्या, म्हणजे धाकटीच्या प्री-वेडिंगसाठी त्यांनी बाग सुचवली नाही, नदीकाठ सुचवला नाही. सुचवलं ते थेट डोंगरातलं तळं.

"प्रवासाच्या फोटोत जागा महत्त्वाची," त्यांनी बायकोला समजावलं. "माणूस फक्त प्रमाणापुरता. डोंगर केवढा आहे हे कळायला शेजारी काहीतरी बारकं लागतं."

"म्हणजे माझी बहीण."

"आणि तिचा नवराही. मी भेदभाव करत नाही!"

आता, हे सगळं फुकट होतं म्हणजे खर्च कुणीतरी करत होतंच. तो करत होत्या नवरदेवाच्या आत्याबाई. नवरदेवाला त्यांनीच लहानाचा मोठा केला होता, आणि अजून तो पुरेसा मोठा झालाय असं त्यांना वाटत नव्हतं. लग्न ठरल्यापासून तो आणि धाकटी जिथं जिथं भेटले, तिथं तिथं आत्याबाई मधल्या खुर्चीवर होत्या. दोघांना एकमेकांचा डावा किंवा उजवा कान तेवढा पाठ झाला होता.

शूटसाठी आत्याबाईंनी भाच्याला एक जांभळा कोट शिवून घेतला होता. सहा सोनेरी बटणं, प्रत्येक बटणावर नक्षी.

"भाऊजी, बटणांवरची नक्षी यायला पाहिजे हं," गाडीत बसता बसताच त्यांनी बजावलं. "शिंप्यानं डोळे फोडून घेतलेत त्याच्यापायी."

"आत्याबाई, नक्षीच काय, आतला दोरासुद्धा येईल!"

बायकोनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

तळं मात्र खरंच अफाट निघालं. पलीकडं निळे डोंगर, मध्ये आरशासारखं पाणी, वर कापूस पिंजल्यासारखं धुकं. भाऊजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. लग्नात वधूची आई रडते तेव्हा ते फोकस लावत असतात. इथं त्यांनाच रुमाल लागला!

आत्याबाईंना काठावर घडीच्या खुर्चीत, छत्रीखाली बसवण्यात आलं. भाऊजींनी ट्रायपॉड रोवला. जवळचे फोटो काय, परत जाताना काढू. आधी हा उजेड! त्यांनी जोडप्याला हात केला.

"थोडे मागे! अजून! अजून मागे!"

"भाऊजी, आता मागे पाणी आहे!" नवरदेव ओरडला.

"मग वळसा घालून पलीकडे जा!"

नवरदेव आयुष्यभर ऐकत आलेला. निघाला. धाकटीही निघाली. दोघं चालत चालत अंगठ्याएवढी झाली, मग करंगळीएवढी, मग तिळाएवढी. भाऊजी लेन्समधून बघत पुटपुटत होते, "वा! अजून थोडं. डोंगर आता कुठं मोठा दिसायला लागलाय!"

फोनला तिथं रेंज नव्हती. भाऊजींनी हातांनी खुणा करायला घेतल्या. डावा हात म्हणजे डावीकडं, दोन्ही हात जोडले की जवळ या, दोन्ही फाकवले की लांब व्हा. पलीकडून हे सगळं माशा हाकलल्यासारखं दिसत असणार. कारण जोडप्यानं थोडा वेळ पाहिलं, मग पाठ फिरवली आणि एका खडकावर शेजारी शेजारी बसकण मारली.

"काय नैसर्गिक!" भाऊजी हरखले. कॅमेरा कुडकुडल्यासारखा चालू लागला.

"काय करतायत ती दोघं?" खुर्चीतून आवाज आला.

"पोझ देतायत, आत्याबाई."

"इतका वेळ?"

"नैसर्गिक पोझला वेळ लागतोच."

"कोट दिसतोय ना?"

"दिसतोय, दिसतोय!"

"बोलतायत का काही?"

"तोंडं हलतायत खरी."

हे ऐकताच आत्याबाई उठल्या. छत्री एका हातात, दुसऱ्या हाताचं बोट वर, अशा त्या तरातरा येऊन थेट लेन्ससमोर उभ्या राहिल्या. "बोलतायत? माझ्याशिवाय? बोलवा त्यांना आधी! बोलवा म्हणते ना!" भाऊजी एवढे दचकले की बोट बटणावर पडलं. खट्!

तोवर ढग आले आणि उजेड गेला. जोडपं परत आलं तेव्हा जवळून फोटो काढण्याजोगं काही उरलंच नव्हतं. नवरदेवाच्या चेहऱ्यावर मात्र एक नवाच प्रकार होता. आत्याबाईंनी त्याला "स्वेटर घाल" म्हटलं, तर तो "नको" म्हणाला! आत्याबाईंना वाटलं, गार वारा बाधला असेल.

पुढच्या रविवारी सासूबाईंच्या दिवाणखान्यात फोटो बघायला दोन्ही घरं जमली. भाऊजींनी मोठ्या टीव्हीवर पहिला फोटो लावला. डोंगर, धुकं, तळं.

"छान आहे," आत्याबाई म्हणाल्या. "पुढचा दाखवा."

पुढचा. तळं, धुकं, डोंगर.

"हेही छान. जागा कळली आम्हाला. आता मुलं दाखवा."

"यात आहेत की," भाऊजी म्हणाले.

सगळे पुढं वाकले. सासूबाई उठल्या, ओलं फडकं घेऊन आल्या आणि टीव्हीची काच पुसू लागल्या.

"आई, ती धूळ नाही," बायको हळूच म्हणाली. "तो जावई आहे."

सासूबाईंनी दचकून हात मागे घेतला. आत्याबाईंचा चेहरा कोटाच्या रंगाचा झाला.

"आणि कोट?"

भाऊजींनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. पडद्यावर जांभळट चौकोन पसरले. त्यात मधोमध एक पिवळसर डाग होता.

"हे बघा, बटण!" भाऊजी म्हणाले.

"ते माझं डोकं असावं," नवरदेव म्हणाला.

मग जे सुरू झालं ते विचारू नका! आत्याबाई म्हणाल्या, लग्नात हा फोटोग्राफर चालणार नाही. सासूबाई म्हणाल्या, आमचा जावई आहे तो, तोच काढेल! आत्याबाई म्हणाल्या, मग लग्नात माणसं दिसायला दुर्बिणी वाटा. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या कोटाकडं बघायला दुर्बीण कशाला, दोन गल्ल्यांवरून डोळ्यांत खुपतो तो! भाऊजी मध्येच म्हणाले की प्रकाशाच्या दृष्टीनं बघितलं तर, आणि दोघीही एकदम म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा!"

"एक मिनिट," नवरदेव म्हणाला.

त्याचा आवाज असा असतो हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळत होतं.

"आम्ही ठरवलंय. मोठं लग्न नको. सभागृह नको, व्यासपीठ नको. दोघं जाऊन सही करणार, आणि लग्नाला लागले असते तेवढ्या पैशांत फिरायला जाणार."

"माझ्यासमोर हे बोलायची हिंमत तुला आली कुठून?" आत्याबाई ओरडल्या.

"तुझ्यासमोर नाही आली, आत्या. तळ्यापलीकडं आली. तिथं तुझा आवाज पोचत नव्हता."

"भाऊजींचे उपकार झाले," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "त्यांनी एवढं लांब पाठवलं नसतं, तर आम्ही लग्नानंतरच बोललो असतो!"

आत्याबाईंनी भाऊजींकडं पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. या एका बाबतीत दोन्ही घरांचं आता पूर्ण एकमत होतं.

अशा रीतीनं हंगामातलं सगळ्यात मोठं काम भाऊजींनी स्वतःच्या हातानं घालवलं. पण त्यांना फिकीर नव्हती! मासिक होतं ना! त्यांनी डोंगर निवडले, तळी निवडली. पाठवायच्या वेळी बायकोनं यादीत आणखी एक फोटो सरकवला.

"हा कशाला? हा चुकून निघालाय!"

"असू दे. एक तरी माणूस असू दे त्यात."

आठवड्याभरात मासिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. भाऊजी उभे राहूनच बोलले.

"डोंगर चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "पण डोंगर आमच्याकडं पोत्यानं येतात. ती छत्रीवाली बाई कोण हो? काय चेहरा आहे! सगळ्या सृष्टीला जाब विचारतायत असं वाटतं! आम्हाला त्या हव्यात. दर महिन्याला नवा देश आणि त्याच्यापुढं त्या."

"आणि त्या नाही आल्या तर?"

"तर मग डोंगर आहेतच की आमच्याकडं."

भाऊजी दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंच्या दारात उभे. घरात शांतता होती. भाच्याची खोली आवरलेली, खुंटीवर कोट टांगलेला. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. मग बराच वेळ त्या कोटाकडं बघत राहिल्या.

"किती लांबून काढणार?"

"तुम्ही म्हणाल तेवढ्या लांबून."

आत्याबाईंनी हात सरळ समोर धरला. त्यांची बोटं भाऊजींच्या नाकाला टेकली.

"एवढ्या!"

तर आता कुणाचं किती गेलं ते बघू. सासूबाईंचं सभागृहाचं आगाऊ भाडं बुडालं, पण जेवणावळ वाचली, त्यामुळं त्या दिवसाआड खूश असतात. धाकटी आणि नवरदेव एका सकाळी सही करून आले. कचेरीतल्या कारकुनानं त्यांचा फोनवर एक हललेला फोटो काढला, आणि याच्याइतका चांगला फोटो आपला कुणी काढलाच नाही असं ती दोघं भाऊजींच्या तोंडावर सांगतात. आत्याबाईंनी शिंप्याला पुन्हा एकदा डोळे फोडायला लावून कोट स्वतःच्या मापाचा करून घेतला. मासिकाच्या ताज्या अंकात पानभर त्याच आहेत: सहाच्या सहा बटणं, सगळी नक्षी आणि दोरासुद्धा. जगातला एक फार उंच, बर्फाळ डोंगर त्यांच्या कानाच्या आणि छत्रीच्या मधून जेमतेम डोकावतो.

दोन्ही तिकिटं मासिक देतं. छत्री, घडीची खुर्ची, कोटाची पेटी आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा वाहून न्यायला हमाल लागतो. तो खर्च मात्र मासिकाला मंजूर नाही. तो रोज सकाळी भाऊजींच्या खांद्यावरून वळता होतो.