व्याही निघाले तळ्याला

"चालायचं ते सह्याद्रीत," अनिरुद्धराव भातात सांबार कालवत म्हणाले. "तुमच्याकडे काय, सगळं सपाट!"

शेषगिरीरावांना हे फार लागलं. तंजावूर सपाट आहे यात त्यांचा काही दोष नव्हता, पण पुण्याच्या व्याह्यांनी ते आपल्याच घरात, आपल्याच केळीच्या पानावर बसून म्हणावं?

"सपाट? कालव्याच्या कांठानं निघालांत की बांबूचं रान लागतं, मग सागाचं, मग एवढं मोठं तळं. सकाळीं निघालांत तर संध्याकाळ होते पोचायला. आम्ही जातोंच की नेहमी!"

विनुताबाईंचा वाढता हात थांबला. त्यांचे यजमान कोपऱ्यावरून कढीपत्ता आणायलासुद्धा स्कूटर काढत. पण मुलीच्या सासऱ्यांसमोर नवऱ्याला उघडं कसं पाडणार? त्या एवढंच म्हणाल्या, "मग उद्यांच न्या की त्यांना," आणि रसम वाढून आत गेल्या. आत बराच वेळ कुणीतरी हसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने दोघांना कालव्यापाशी सोडलं. अनिरुद्धरावांनी पुण्याहून आणलेले दोन हळदीसारखे पिवळेधमक टी-शर्ट दोघांच्या अंगावर होते. रानात चुकामूक झाली तर लांबून दिसावं म्हणून. वाट मोठी सुरेख होती. आडी महिन्याचा, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणातला, वारा सुटला होता, कालवा काठोकाठ वाहत होता, बांबूंची कमान डोक्यावर करकरत होती. अनिरुद्धराव ढांगा टाकत पुढे आणि शेषगिरीराव मागे, एकेका गुडघ्याची समजूत घालत.

पहिल्या चहाच्या टपरीवर शेषगिरीरावांना युक्ती सुचली. व्याह्यांना तमिळचं अक्षर कळत नव्हतं.

"काय म्हणते हो ती बाई?" अनिरुद्धरावांनी विचारलं.

"म्हणते, इथं अर्धा तास बसल्याशिवाय पुढं गेलेलं तिला अपमानासारखं वाटतं."

बाईने फक्त साखर किती, असं विचारलं होतं. दोघे अर्धा तास बसले. पुढच्या दोन्ही टपऱ्यांवरच्या बायाही तेवढ्याच मानी निघाल्या.

सागाचं रान लागलं तेव्हा मागून एक ट्रॅक्टर आला. सांबशिव नावाचा आडदांड ड्रायव्हर आपणहून थांबला. "सामी, तळ्याकडे? बसा मागे, सोडतो."

शेषगिरीरावांना त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ते गंभीर चेहरा करून व्याह्यांकडे वळले. "पुढं चालायला बंदी आहे म्हणतो. पक्षी अंड्यांवर बसलेत. बुटांच्या आवाजानं उठतात. ट्रॅक्टरनंच जावं लागतं."

ट्रॅक्टर धडधडत काळा धूर ओकत होता.

"आणि याच्या आवाजानं उठत नाहीत?"

"याची सवय आहे त्यांना. बुटांची नाही."

अनिरुद्धराव विचारात पडले. शेषगिरीरावांचा एक पाय एव्हाना ट्रॉलीवर चढला होता.

"मग सोपं आहे!" असं म्हणत अनिरुद्धराव खाली बसले आणि बुटांचे बंद सोडू लागले. "अनवाणी जाऊ. काढा तुमचेही."

सांबशिवने हे पाहिलं मात्र, त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरून हात जोडले. "चुकलो सामी! पिवळे कपडे, अनवाणी पाय, म्हणजे समयपुरमच्या आईच्या देवळाला पायी जायचा नवस आहे होय? आधी ध्यानात आलं नाही. नवसाच्या माणसाला गाडीत घेतलं तर मारियम्मा माझ्यावरच कोपेल." शेषगिरीराव 'अहो' म्हणेपर्यंत ट्रॅक्टर निघालासुद्धा. जाता जाता सांबशिव फोनवर पुढच्या गावाला वर्दी देत होता.

"काय म्हणाला?"

"बूट काढलेत ते बरं केलंत, म्हणाला," शेषगिरीराव कष्टाने बोलले.

पुढच्या गावाच्या वेशीवर बायका कळशा घेऊन उभ्या होत्या. शेषम्मा नावाच्या एका थकलेल्या आजींनी दोघांच्या पायांवर हळदीचं पाणी घातलं, हातात कडुलिंबाच्या डहाळ्या दिल्या. मग गुळाचं पानक आलं, लिंबूभात आला, दहीभात आला.

अनिरुद्धरावांचे डोळे पाणावले. "चालायला आलेल्या माणसाचं एवढं करतात? आमच्याकडे साधं कुणी ओळख दाखवत नाही हो!"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण शेषगिरीरावांचं तोंड लिंबूभाताने भरलेलं होतं, आणि ते रिकामं होईपर्यंत शेषम्मांनीच विचारलं, "पण सामी, देऊळ त्या बाजूला. तुम्ही इकडे उलटे कुठे निघालात?"

सगळा गाव त्यांच्याकडे पाहू लागला. पायांवरची हळद अजून ओली होती.

"वाट चुकलों, अम्मा," शेषगिरीराव म्हणाले.

"चुकलात तर चुकलात! आम्ही वाटेला लावून देतो की. आणि माझ्या गुडघ्यांचंही आईच्या कानावर घाला हं."

ढोल वाजू लागला. अर्धा गाव त्यांना उत्तरेच्या रस्त्याला लावायला निघाला. "ओम शक्ती! पराशक्ती!" असा एकच गजर झाला.

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे... शाबास."

अनिरुद्धराव दोन्ही हात उंचावून सर्वांना जोरजोराने शाबासकी देऊ लागले.

गाव मागे पडलं, तरी सुटका नव्हती. शेषगिरीरावांनी बसला हात केला, तर ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचे हात काढून नमस्कार केला आणि बस भरधाव निघून गेली. रिक्षावाला थांबला, तोही आशीर्वाद घ्यायला. ऊन कलता कलता शेषगिरीरावांचा धीर सुटला. ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले.

"व्याहीबुवा, खरं सांगतों. आपण तळ्याला चाललों नाही. उलट दिशेला चाललों आहों. हे लोक आपल्याला यात्रेकरू समजतात. पक्षी नाहीत, बंदी नाही, टपरीवाल्या बायकांनाही काही वाटत नव्हतं. सगळ्या माझ्या थापा!"

अनिरुद्धरावांनी त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग ते खो खो हसले. "शेषगिरीराव, दमलात हे सरळ सांगा ना! एवढी मोठी थाप कशाला? उठा, उठा!" आणि बखोटीला धरून त्यांनी व्याह्यांना उभं केलं.

दिवस मावळता मावळता रस्ता एका झाडीतून बाहेर आला. समोर कावेरी होती. बंधाऱ्याला अडलेलं भरपूर पाणी या काठापासून त्या काठापर्यंत संथ पसरलं होतं आणि त्यावर तांबूस उजेड हलत होता.

अनिरुद्धराव जागच्या जागी थबकले. "आलं की तुमचं तळं! आणि म्हणे उलट दिशा! काय पण देखणं आहे हो. हरलो मी. सह्याद्रीत असं नाही."

शेषगिरीरावांनी बोलायला तोंड उघडलं. मग हरलेल्या व्याह्यांकडे पाहिलं, आपल्या पिवळ्या झालेल्या पायांकडे पाहिलं, आणि मिटलं.

"पलीकडे काय आहे?" अनिरुद्धरावांनी विचारलं.

"देऊळ आहे एक. वळसा घालून जायला उद्यांचा दिवस लागेल."

"तुम्हाला जमेल?"

"जमायला काय झालं," शेषगिरीराव म्हणाले आणि पुढे चालू लागले. "आम्ही जातोंच की नेहमी."