सालीखालचा संसार

मारुती मिस्त्रींच्या खोलीवर गेलात तर पाणी नंतर मिळायचं, आधी हातात झाडाची साल यायची. खजुराच्या रिकाम्या डब्यात त्यांनी अशा साली जपून ठेवल्या होत्या.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. कतारला, दोह्यात फर्निचरच्या वर्कशॉपात मी क्लार्क, ते सुतार. परदेशी मशीन पाइनच्या खोक्यांतून यायचं. सगळे मशीन बघायला धावत. मिस्त्री खोक्याच्या फळीला राहिलेली साल पटाशीनं सोलत बसत. ‘चला, आटपा’ अशा अर्थानं फोरमन ‘यल्ला, यल्ला’ करून दमायचा.

साल उलटी केली की आत कोरलेल्या रेघा. मग मिस्त्री घसा खाकरत आणि एकदम पुस्तकी बोलू लागत. “भुंगेऱ्याची मादी सालीखाली उभा बोगदा कोरते. दोन्ही कडांना अंडी घालते. अळ्या आडव्या पोखरत जातात, टोकाला कोष करतात आणि भुंगेरे होऊन आपापल्या भोकातून उडून जातात.” एरवी ‘हिकडं-तिकडं’ बोलणारा हा सांगलीकडचा माणूस हे कुठं शिकला, देव जाणे. “आणि नर काय करतो?” विचारलं की डबा बंद. “ते ऱ्हाऊ द्या. खलास.”

लेक चार वर्षांची असताना ते इकडे आले. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. बाप दारात दिसला की पोर ‘पाहुणं आलंत’ म्हणून आत पळायची. आता ती शेतकी कॉलेजात होती. “माझ्यावर राग आसंल का वो तिचा?” हे पूर्वी त्यांनी मला दहादा तरी विचारलं असेल. भुंगेऱ्याचं व्याख्यान सुरू झाल्यापासून तो प्रश्न बंद झाला होता.

सुट्टीवर निघालेल्या गाववाल्याबरोबर लोक घरी अत्तर, साबण धाडतात. यांनी लेकीला साल धाडली होती: ‘ह्यात कुनाचं घर हाय, बघ.’ हे मला फार उशिरा कळलं.

एका शुक्रवारी दुपारी मी न सांगता गेलो. टेपवर एका मुलीचा आवाज चालू होता आणि मिस्त्री डोळे मिटून शब्दाशब्दाला ओठ हलवत होते. मला बघून त्यांचा हात बटणाकडे गेला, पण थांबला.

“ऐका आज. आमच्या सुमननं कालिजात भाषान केलं, त्या सालीवर. पैला नंबर आला. तेच कॅसेटवर बोलून धाडलंय.” मिस्त्री इतके ताठ बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

“पहिलं भोक नर पाडतो,” ती वाचत होती. “मादी आत अंडी घालत असते, तेव्हा तो दाराशी राहून भुसा बाहेर लोटत असतो.” मग जरा थांबून, घरच्या आवाजात: “आबा, हे वाचताना मला तुमीच दिसलासा. तुमी तिकडं भुसा लोटला, म्हणून मी हितं वाढले.”

मिस्त्रींनी माझ्याकडे न बघता टेप मागे घेतली.

“एकदा आनि ऐका,” म्हणाले.