आठ पानांचा वानोळा

मुंजाजीरावांनी आजवर कुणालाही अख्खं पुस्तक दिलेलं नाही. ते देतात वानोळा.

आखाडा बाळापूरच्या शाळेवर माझी नेमणूक झाली आणि मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी पंचाहत्तरी ओलांडलेला एक काटक म्हातारा दारात उभा. डोक्याला रुमाल, हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा. "बाई, वानोळा आणलाय," म्हणाले. शेतातलं नवं पीक घरात आलं की पहिली ओंजळ शेजारीपाजारी वाटतात, तो वानोळा. मला वाटलं भुईमुगाच्या शेंगा असतील. चहाचं आधण गॅसवर ठेवून मी पुडा सोडला, तर आत चाळीस पानं. मुखपृष्ठ नाही, नाव नाही, लेखकाचा पत्ता नाही. कडेला पोती शिवायच्या सुतळीचे तीन टाके. आणि चाळिसाव्या पानाची शेवटची ओळ अशी: 'तिने कडी काढली आणि बाहेर पाहते तो'.

पुढे काहीच नाही.

त्या दिवशी वर्गात पोरं तेराचा पाढा चुकीचा म्हणत होती आणि मला पत्ता नव्हता. दाराबाहेर कोण असेल, एवढंच डोक्यात. शाळा सुटल्यावर घरी न जाता मी पिशवीसकट त्यांच्या ओट्यावर हजर झाले. त्यांच्या पत्नी गयाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातली नजर न काढता म्हणाल्या, "आल्या का? हे म्हणलेच व्हते, पाच वाजता येतील म्हणून. बसा. तिचा भाऊ असतोय बाहेर."

"झालं," आतून मुंजाजीराव ओरडले. "ह्या बाईपाई एक बी गोष्ट झाकून ऱ्हात न्हाई."

मुंजाजीराव हिंगोलीच्या हळद मार्केटात तीस वर्षं मापाडी होते. म्हणजे पोती तोलायचं काम. हळदीच्या बाजारात वरचा रंग पाहून कुणी फसत नाही. कांडी मोडतात आणि आत बघतात. मुंजाजीरावांनी हाच कायदा पुस्तकांना लावला. रद्दीतून, बंद पडलेल्या वाचनालयातून, कुणाच्या माळ्यावरून ते पुस्तकं गोळा करतात. आधी मुखपृष्ठ काढतात, कारण "नाव वाचलं की माणूस आधीच मत करून घेतंय." मग मधलंच एखादं पान उघडून उभ्याउभ्या वाचतात. पसंत पडलं तर "आतून पिवळं हाय" आणि नाही पडलं तर "निस्तं पॉलिश हाय." पिवळं ठरलेल्या पुस्तकाची शिवण ते चाकूनं उसवतात, तुकडे पाडतात आणि दाभणानं एकेक तुकडा वेगळा शिवतात. तुकडा कुठं पाडायचा याचाही नियम आहे: "जिथून माणसाला उठून जाता येत न्हाई, तिथं मोडायचं."

मी शिक्षक. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायला लावणारी. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की हे पाप आहे.

"कपाटात अख्खं मरून पडण्यापरीस हातोहात फिरू द्या की," ते म्हणाले. "दुसरा देऊ का?"

मी हात पुढे केला. तत्त्व तत्त्वाच्या जागी आणि त्या बाईचा भाऊ भावाच्या जागी.

वानोळा परत करणं हा मात्र देण्यापेक्षा अवघड प्रकार. "छान आहे" म्हणून सुटका नाही. "छान तर लोक शिऱ्याला बी म्हणतेत. काय छान हाय ते सांगा." मग उलटतपासणी. कोणतं माणूस पटलं, कोणतं खोटं वाटलं, कुठं जांभई आली. जांभईबद्दल ते फार बारकाईनं विचारत. मी एकदा लाजेकाजेस्तव म्हणाले की कुठंच आली नाही. ते म्हणाले, "मंग तुमी वाचलंच न्हाई. सत्तावन्न पानावर मला बी आलती."

शिवाय वानोळ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, ही आपली रीत. शेजारणीकडून शेंगा आल्या तर त्याच भांड्यात आपण साखर तरी घालतो. मुंजाजीरावांकडे भांड्यात पुस्तक घालायचं. म्हणजे आपल्याला आवडलेल्या एका पुस्तकाची शिफारस करायची, आणि ते मुंजाजीरावांना काहून आवडेल तेही सांगायचं. मला वाटायचं मी खूप वाचलंय. चौथ्या महिन्यात माझा साठा संपला आणि मी नवऱ्याला फोन करून विचारायला लागले. नवरा सेनगावला बँकेत. त्यानं आयुष्यात वाचलेली पुस्तकं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. तो म्हणाला, "त्यांना पासबुक आवडतं का विचार."

माझ्याशिवाय दुसरं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे दत्तराव. शेळ्या राखणारा माणूस, मुंजाजीरावांचा लहानपणापासूनचा दोस्त. बाजाराच्या दिवशी येतो, जुना तुकडा देतो, नवा घेतो. उलटतपासणीत त्याचं एकच उत्तर: "ठीक हाय." आणि शिफारसही एकच: पंचांग. "दरसाली नवं निघतंय. अजून काय पाह्यजे तुला?"

याच दत्तरावाच्या शेळीनं एका खुनाच्या कादंबरीचा तिसरा वानोळा खाल्ला. खून दुसऱ्या वानोळ्यात होतो आणि चौथ्याच्या पहिल्या पानावर खुनी तुरुंगात असतो. मधला सगळा तपास शेळीच्या पोटात. तेव्हापासून तिसरा भाग मुंजाजीराव तोंडी सांगतात. मला सांगितला तेव्हा पुरावा म्हणून विहिरीत चप्पल सापडली होती. दत्तरावाला सांगताना दाताची कवळी सापडली. आम्ही दोघांनी ओट्यावर ताडून पाहिलं आणि जाब विचारला. मुंजाजीराव जराही वरमले नाहीत. "ऐकणारा पाहून सांगावं लागतंय. दत्ताला दात न्हाईत, त्याला कवळीच पटतीय."

दत्तराव म्हणाला, "ठीक हाय."

असं तीन वर्षं चाललं. मला एकटीला राहायचा कंटाळा यायचा, हे मी कुणाला सांगत नसे. लेक लातूरला शिकायला, नवरा शनिवारी येऊन रविवारी परत. पण शाळा सुटली की ओट्यावर कुणीतरी आपली वाट पाहत आहे आणि ते आपल्याला 'जेवलात का' न विचारता 'तो थोरला भाऊ खोटं बोलून राहिला असं वाटतंय का तुमाला' असं विचारणार आहे, याची सवय फार लवकर लागते. त्यांचे दोन्ही मुलगे पुण्यात आहेत. फोन रोज येतो, गोळ्या घेतल्या का विचारतात. चांगली मुलं आहेत. वाचलं काय, हे मात्र त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

गेल्या दिवाळीत मुंजाजीरावांनी सहाशे पानांची एक कादंबरी फोडली. तीन भावंडं, एक सामाईक विहीर आणि कुणीच कुणाशी बोलत नाही, अशी. दर वानोळ्याला आमची दोन-दोन दिवस भांडणं होत. मी मधल्या बहिणीच्या बाजूची, ते धाकट्याच्या. उन्हाळ्यापर्यंत साडेचारशे पानं झाली.

मे महिन्यात बदल्यांची यादी आली. आल्यापासून दरवर्षी मी अर्ज करत होते. सेनगावजवळचंच गाव मिळालं, नवऱ्याच्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर. मी नाचायचीच बाकी होते. पेढे घेऊन ओट्यावर गेले. गयाबाईंनी तोंडभरून आशीर्वाद दिला. मुंजाजीरावांनी पेढा खाल्ला, हात धोतराला पुसले.

"बरं झालं. साहेबांची तकलीफ गेली," म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "कव्हा जायचं?"

"पंधरा जूनला तिकडे शाळा सुरू."

"म्हंजे महिना हाय अजून," ते म्हणाले, आणि आत जाऊन वानोळा घेऊन आले.

तो वीस पानांचा निघाला. मला वाटलं, तिथं तोडायची चांगली जागा सापडली असेल. पण वानोळा संपला तो विहिरीच्या पायऱ्यांच्या वर्णनात. पुढचा बारा पानांचा. तो संपला तिथं थोरला भाऊ आंघोळ करत होता. त्याच्या पुढचा आठ पानांचा, आणि त्यात फक्त एक बैल हरवला. पुढचेही तसेच, आठ-आठ पानांचे. ज्या माणसानं मला पहिल्या दिवशी चाळीस पानांत वेडं केलं, तो आता मला आंघोळीत सोडून देत होता.

मी गणिताची शिक्षिका. हिशेब केला, तर या चालीनं मी जायच्या दिवशी ऐंशीएक पानं शिल्लक राहणार होती. सामान बांधून बांधून माझं डोकं आधीच फिरलेलं. मी तडक गेले. "मुंजाजीराव, मला पुस्तक पुरं करून जायचंय. जरा जाड तुकडा द्या."

"व्हईल की. गडबड काहून करून राहिल्या?"

"बैल हरवण्याला आठ पानं असतात का?"

"बैल हरवलाय बाई. लहान गोष्ट न्हाई."

मी काही बोलणार एवढ्यात दत्तराव आला. बाजाराचा दिवस होता. मुंजाजीरावांनी त्याला त्याचा वानोळा दिला. नेहमीसारखा, चांगला पन्नास पानांचा. दत्तरावानं तो शेळीच्या पोहोचेबाहेर, खिशात घातला आणि गेला.

मी त्या जाड पुड्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या आठ पानांकडे पाहिलं. मुंजाजीराव दुसरीकडेच पाहत होते. मला इतकी वर्षं वर्गात पोरांच्या लबाड्या ओळखायची सवय, आणि ही लबाडी ओळखायला तीन आठवडे लागले. पुस्तक संपेपर्यंत बाई जाणार नाहीत, असा त्या म्हाताऱ्याचा साधा हिशेब होता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याजागी जे आलं ते सांभाळत मी घरी आले. त्या रात्री आठ पानं मी हळूहळू वाचली. बैलाचंही वाईट वाटलं.

बदली काही बैलासाठी थांबत नाही. चौदा तारखेला टेम्पो आला. गयाबाईंनी ओटी भरली, डोळे पुसले. मुंजाजीराव घरात नव्हते. सकाळीच कुठेतरी निघून गेले म्हणे. कादंबरी पाचशे वीसव्या पानावर अडकली होती. मी वाट पाहिली, मग टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

नव्या गावात सगळं मनासारखं होतं. नवरा रोज संध्याकाळी घरी. मी त्याला विहिरीची आणि भावंडांची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. त्यानं ऐकलीही. "मग त्यांनी वाटणी का करून घेतली नाही?" एवढं विचारून तो टीव्हीकडे वळला. मुंजाजीरावांना मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा गयाबाईंनी उचलला. "बाहेर गेलेत," म्हणाल्या. मागे खोकल्याचा आवाज येत होता.

जुलैत एका दुपारी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकात डोक्याला रुमाल बांधलेला म्हातारा दिसला. बाळापूरहून हिंगोली, हिंगोलीहून सेनगाव, आणि पुढे काळीपिवळी जीप. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. मी धावतच गेले.

"वानोळा आणलाय," ते म्हणाले.

आठ पानं. लिंबाखालच्या पारावर बसून मी ती त्यांच्यासमोर वाचली. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, अजिबात न लाजता. बैल सापडला होता, आणि तो मधल्या बहिणीनंच इतके दिवस स्वतःच्या गोठ्यात लपवून ठेवला होता.

"मी म्हणत होते ना, ती भली आहे," मी म्हणाले.

"भली कशी? चोरलाय तिनं."

"चोरला नाही. भाऊ शोधायला येईल म्हणून ठेवून घेतला."

मुंजाजीराव रुमालाच्या टोकाशी चाळा करत राहिले. मी विचारलं, शेवटी बोलतात का हो ती भावंडं? तुम्ही तर वाचलं असेल.

"न्हाई वाचलं," ते म्हणाले. "जितकं तुमाला देतो तितकंच म्या वाचतो. बाकीची पुस्तकं आधी वाचून ठेवलीत, हे न्हाई. हे तुमच्यासंगंच वाचून राहिलो." मग खाली पाहत म्हणाले, "तुमी गेल्यावर उघडून बसलो एक-दोनदा. एक पान वाचलं, आन् कुणाला सांगावं तेच कळंना. गया झोपती. दत्ता ठीक हाय म्हणतो. मंग ठेवून दिलं."

त्यांच्या पिशवीचं तोंड उघडं होतं. आत कादंबरीची उरलेली सगळी पानं होती, नीट बांधलेली. ती मला देऊन टाकायलाच आणली असणार. त्यांचा हात दोनदा पिशवीकडे गेला आणि मागं आला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पोरं पाहत होती, पाहू दिलं.

घंटा झाली. मी पिशवीचं तोंड बांधलं आणि त्यांच्या हातात दिली.

"ही घेऊन जा. पुढच्या शनिवारी मी येते ओट्यावर. आठ पानं शिवून ठेवा."

मुंजाजीरावांनी जरा विचार केला.

"धा ठेवतो," म्हणाले. "तुमी लांबून येणार."