गिरणीतला फोन

गडबच्या विठूशेट म्हात्र्याचा फोन बसला घरात, आणि विठूशेट दिवसभर असायचा अंगणापलीकडच्या भातगिरणीत. फोन वाजला की त्याची बायको बायजा ओटीवरून हाका मारायची. गिरणीच्या धडधडाटात त्या त्याला ऐकू जायच्या नाहीत. कोंड्याने माखलेला विठूशेट धावत येईपर्यंत फोन बंद पडलेला असायचा. कोणाचा होता म्हणून विचारावं, तर बायजा म्हणायची, तुमचा फोन मी कशाला उचलू?

शेवटी त्याने नागोठण्याच्या शिवा वायरमनला बोलावलं. शिवाने घरातून वायर काढली, शेवग्यावरून ओढली आणि गिरणीत दुसरा फोन बसवला. याला परवानगी लागते का, हे विठूशेटने विचारलं नाही आणि शिवाने सांगितलं नाही. आता तुझा फोन तू उचल, माझा मी उचलतो, असं विठूशेटने बायकोला बजावलं.

पण वाजायचे दोन्ही फोन एकदमच, त्यामुळे दोघंही उचलायची. बायजा विचारायची, "कोन बोलतंय?" गिरणीतून उत्तर यायचं, "मी विठू." "ते घरात नायत, गिरणीत हायत," असं सांगून ती फोन ठेवून द्यायची. पेणचा एक तांदूळवाला हे दोन-तीनदा ऐकून घाबरला आणि घरी सगळं ठीक आहे ना, ते बघायला एसटीने स्वतः आला. विठूशेटला त्याचं काही वाटलं नाही. आसपास कोणाकडे धड एक फोन नव्हता, त्याच्याकडे दोन होते. दळणाला आलेल्या माणसाला तो आधी फोन दाखवायचा, मग भात मोजून घ्यायचा.

अशात मुलीचं, वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा प्रविण धाटावच्या कंपनीत होता, त्याचे वडील जनूशेट रोह्याचे. निडीच्या काशीबाईंनी मध्यस्थी केली आणि देण्याघेण्यावरून चकार शब्द न निघता सगळं जुळलं. फक्त पत्रिका छापायची राहिली.

एका दुपारी वीज गेली होती, गिरणी बंद होती आणि विठूशेट घरात लवंडला होता. फोन वाजला. जनूशेटचा होता. सुरुवात गोड झाली. मग जनूशेट म्हणाले की पत्रिकेवर फोन नंबर छापायचा तो आमचा, आम्ही मुलाकडचे. विठूशेट म्हणाला, आमच्याकडे दोन फोन आहेत. जनूशेट म्हणाले, आमच्याकडेही दोन आहेत, एक खाली, एक माडीवर.

"तुमच्या माडीवर कोन बोलतं? कबुतरं?" विठूशेटने विचारलं.

"मग पोरीचं लगीन गिरणीतच लावा," जनूशेट म्हणाले.

दोघांनी फोन आपटले. लग्न मोडलं, असं विठूशेटने जाहीर केलं. बायजा तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. थोडा वेळ येरझाऱ्या घालून, काशीबाईंना कळवतो म्हणत त्याने पुन्हा फोन उचलला. डायलटोन नव्हता. लाइन तुटलीच नव्हती. आतून, रोह्याच्या माडीवरून, प्रविणचा आवाज आला.

"पत्रिकेवर नंबर नसला तर काय बिघडलं? मला पाठ हाय तुमचा."

"तुमी कधी लावलात?" ही वैशाली होती, गिरणीतल्या फोनवर. बापांचं भांडण चालू असतानाच दोघांनी आपापल्याकडचा दुसरा फोन उचलला होता.

"दोनदा. दोनी वेळा तुमचे आई-बाबा एकमेकांशीच बोलत व्हते."

वैशाली हसली. आपली पोरगी अशी मोकळी हसते, हे विठूशेटला माहीतच नव्हतं. ओरडायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं आणि फोनवर तळवा धरला. ठेवून द्यावा, तर खट् आवाज व्हायचा आणि बाप चोरून ऐकतो हे जावयाला कळायचं. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी हळूच घसा साफ केला. तो घसा प्रविणचा नव्हता. जनूशेटनेही खालचा फोन उचलला होता.

गडबात एक आणि रोह्यात एक, दोन्ही व्याही श्वास रोखून उभे राहिले. पोरांनी हळदीच्या दिवसापासून धाटावच्या शिफ्टपर्यंत सगळं ठरवून टाकलं.

मग वैशाली शांतपणे म्हणाली, "बाबा, आता ठेवा."

"अण्णा, तुमीपन," प्रविण म्हणाला.

दोन्ही फोन एकदम खाली गेले.

बायजाने सूप बाजूला ठेवलं. "काय म्हनल्या काशीबाय?"

"लागला नाय फोन," विठूशेट म्हणाला. "लाइन बिझी हाय. आता लगीन होईपर्यंत बिझीच ऱ्हाईल."