वाचून सही करा

तैवानमधल्या दौलिऊ शहराच्या कुटुंब-नोंदणी कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीत बसणारा काओ वेनलुंग दिवसाकाठी साठ-सत्तर माणसांना एकच वाक्य ऐकवायचा, "वाचून सही करा." जन्म नोंदवा, लग्न नोंदवा, घटस्फोट नोंदवा, वाक्य ठरलेलं. (लोक वाचत नसतच. लग्न नोंदवायला आलेले तर मुळीच नाही.) आणि याच वेनलुंगने एका मंगळवारी जेवताना, डाव्या हातात भाताचा वाडगा आणि डोळे टीव्हीवरच्या बेसबॉलवर ठेवून, बायकोने पुढे सरकवलेल्या कागदावर न वाचता सही ठोकली. विम्याचं काहीतरी असेल, असं त्याला वाटलं.

"झालं," पेइशान कागदाची घडी घालत म्हणाली. "मी माझी स्त्रीबीजं एका मूल नसलेल्या जोडप्याला दान करतेय. नवऱ्याची संमती लागते. ती तू आत्ता दिलीस."

वेनलुंगला जोराचा ठसका लागला. आपली बीजं परक्याला कशी द्यायची, असं काहीतरी तो पुटपुटला.

"आपली नाहीत, माझी आहेत," ती म्हणाली. "तुझं त्यात काही नाही. ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

माहीत होतं, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं. आठ वर्षांपूर्वी दोघांनी तपासण्या केल्या होत्या. पेइशानच्या कागदावर सगळं ठीक होतं. वेनलुंगच्या कागदावर एक शून्य होतं. ते शून्य त्याने कार्यालयातल्या खणात, जुन्या शाईच्या पॅडखाली, नीट ठेवून दिलं आणि आईला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, बघू." त्या 'बघू'चा अर्थ आईने आपल्या परीने लावला. नववर्षाचं जेवण असो की पूर्वजांची थडगी झाडायचा दिवस, चार माणसं जमली की ती म्हणायची, "आमच्याकडे अंडं न घालणारी कोंबडी आलीय." तेव्हा वेनलुंग मूग गिळून सूप पीत असायचा. पेइशानने एकदा सुचवलं होतं की कायदा परवानगी देतो, आपण दात्याचं बीज घेऊ. त्यावर तो भलताच धर्मनिष्ठ झाला. घरातल्या देव्हाऱ्यावर सात पिढ्यांची नावं आहेत, परक्याचं बी पूर्वजांना चालणार नाही, असं त्याने ठणकावलं. (पूर्वजांना त्याने विचारलं नव्हतं.)

"मला पस्तिसावं लागायच्या आत कुणीतरी लिहून द्यायला हवंय की माझ्यात खोट नाही," पेइशान म्हणाली. "आणि तुला एक सांगते. बीजं काढायच्या दिवसापर्यंत आईंना खरं काय ते तुझ्या तोंडाने सांग. नाही सांगितलंस, तर मी या घरात राहणार नाही."

दवाखान्यातून दात्यांसाठी एक गुलाबी पुस्तिका मिळाली. तिच्यात सगळं होतं. आधी रक्त, मग घराण्यातल्या आजारांची चौकशी, मग समुपदेशक बाईंशी तासभर बोलणं. (तो तास दोन तासांचा झाला, आणि पेइशान बाहेर आली तेव्हा समुपदेशक बाईंचेच डोळे सुजले होते.) मग दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी ठरल्या वेळी पोटात इंजेक्शन. पोट फुगेल, चिडचिड होईल, भरपूर पाणी प्या, उड्या मारू नका. मूल कुणाला मिळालं ते कधीच कळणार नाही. सासू घरात असल्यास काय करावं, याबद्दल मात्र पुस्तिकेत अवाक्षर नव्हतं.

इंजेक्शन देण्याचं काम वेनलुंगने स्वतःहून मागून घेतलं. एवढं केलं की दुसरं टळेल, असा त्याचा हिशेब. आधी त्याने एका पपनसावर सराव केला. पपनसाने तक्रार केली नाही. पहिल्या संध्याकाळी मात्र सुई त्याच्याच अंगठ्यात शिरली आणि औषधाचा थेंबभर भाग त्याच्याच अंगात गेला. त्यानंतर दोन दिवस तो साबणाच्या जाहिराती बघून रडत होता. तो औषधाचा परिणाम होता की भीतीचा, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून पेइशान स्वतःच टोचून घेऊ लागली.

औषधं फ्रीजमध्ये ठेवायची होती. वेनलुंगने ती अननस-केकच्या पत्र्याच्या डब्यात लपवली. आईला अननस-केक अतोनात आवडतो, ही गोष्ट त्याला पंचेचाळीस वर्षं ठाऊक होती, फक्त त्या दिवशी आठवली नाही.

चौथ्या दिवशी आई डबा हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. शेजारच्या आहोंग मावशीच्या सुनेने मुलासाठी अशीच इंजेक्शनं घेतली होती, ती आईने पाहिली होती. आईने आधी दार लावलं, मग आवाज खाली आणला.

"लुंग, मुलासाठीच ना हे?"

मुलासाठीच होतं. फक्त कुणाच्या, एवढंच आईने विचारलं नव्हतं. खरं बोलायची याहून सोपी संधी माणसाला मिळत नाही. वेनलुंगने मान हलवली, आणि ती वरून खाली हलवली.

मग जे सुरू झालं ते आवरणं त्याच्या हातात राहिलं नाही. त्याच दुपारी आईने देव्हाऱ्यासमोर उदबत्त्या लावल्या, लाकडी कौल टाकून पूर्वजांना काहीतरी विचारलं आणि तीनदा होकार आल्यावर डोळे पुसत बाहेर आली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी झाली. गर्भाचा देव घरात कुठेही बसलेला असतो, त्याला धक्का लागला तर मुलाला लागतो, म्हणून आईने घरातले सगळे हातोडे कुलपात टाकले. नेमका त्याच आठवड्यात एसी बंद पडला. दुरुस्तीवाला भिंतीला ड्रिल लावणार तोच आईने त्याला हात धरून जिन्यापर्यंत पोचवलं. जुलैचा महिना होता. पेइशानचं पोट टरबुजासारखं फुगलेलं, अंगाची आग होत होती, आणि सासू तिला पंख्याने वारा घालत होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच सासू तिच्याशी प्रेमाने वागत होती, तीही गैरसमजातून. पेइशानने ते वारं निमूट घेतलं. तिला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे थोडं बरंही वाटत होतं.

"सांगितलंस?" ती रोज रात्री नवऱ्याला विचारायची.

"योग्य वेळ बघतोय," तो म्हणायचा. कार्यालयात त्याच्या साहेबांनी त्याचं अभिनंदन केलं, आणि त्याने वाकून आभारही मानले.

बीजं काढायच्या दिवशी सकाळी ती दोघं दवाखान्यात गेली. पेइशानला भूल दिली, वीस मिनिटांत सगळं आटोपलं. दुपारी तिला धरून घरी आणलं, तर स्वयंपाकघरातून माशाच्या सुपाचा वास येत होता आणि आहोंग मावशी खुर्ची ओढून बसली होती. डॉक्टर काय म्हणाले, असं आईने हात जोडून विचारलं. पेइशानने नवऱ्याकडे पाहिलं.

"सांग," ती म्हणाली.

वेनलुंगने खरं बोलायला तोंड उघडलं, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवं. पण बाहेर पडलं ते असं, "आई, मूल... राहिलं नाही."

आई मटकन खाली बसली. मावशीने सुस्कारा सोडला आणि जे म्हणायचं तेच म्हणाली, काही बायकांचं पोटच धरत नाही. वेनलुंग सवयीने सूप शोधू लागला.

"एकोणीस," पेइशान म्हणाली. तिने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. "आज माझ्या पोटातून एकोणीस निरोगी बीजं काढली, आई. ती दुसऱ्या घरी जातील. मूल इथे राहणारच नव्हतं. खोट तुमच्या मुलात आहे, आणि ते त्याला आठ वर्षं माहीत आहे."

मावशीला अचानक गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. ती गेल्यावर आईने उठून दार लावलं.

"मलाही माहीत होतं," आई म्हणाली. "सतराव्या वर्षी याला गालगुंड झालं, ते खाली उतरलं. याला मूल होणं कठीण, असं तेव्हाच डॉक्टर बोलले होते. मला वाटलं, यावेळी तुम्ही बाहेरचं बीज घेतलंत. म्हणून मी पूर्वजांना विचारलं, बी परक्याचं आहे, चालेल का? तिन्ही वेळा हो म्हणाले."

सात पिढ्यांची संमती होती. फक्त आठव्या पिढीने अडवून ठेवलं होतं.

"माहीत होतं, तरी मला कोंबडी म्हणालात?" पेइशानने विचारलं.

"तो माझा मुलगा आहे," आई म्हणाली. "लोक विचारायचे तेव्हा कुणाचं तरी नाव घ्यावं लागायचं." आणि मग मान खाली घालून, "तुझं घेणं सोपं होतं."

पेइशानने सुपाचा वाडगा पुढे ओढला आणि संपवला. भूक लागली होती, आणि मासा चांगला झाला होता. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, ती तीन नंबरच्या खिडकीसमोर येऊन उभी राहिली. तब्येत सुधारली होती. तिने घटस्फोटाचा करारनामा काचेखालून आत सरकवला.

"वाचून सही कर," ती म्हणाली.

यावेळी वेनलुंगने वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. दोन साक्षीदार लागतात. पहिली सही पेइशानच्या भावाची होती. दुसरी वाकड्यातिकड्या अक्षरात, शेजारी नावाचा लाल शिक्का, त्याच्या आईची.

"मी काही मागितलं नव्हतं," पेइशान म्हणाली. "त्या स्वतः आल्या. म्हणाल्या, आठ वर्षांत एकदा तरी तुझ्या बाजूने बोलते."

वेनलुंगने सही केली आणि हात सवयीने शिक्क्याकडे गेला. तेवढ्यात शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी हळू आवाजात आठवण करून दिली की स्वतःचं प्रकरण स्वतः नोंदवता येत नाही, रांगेतून यावं लागतं. तो मुकाट्याने खिडकीबाहेर आला, यंत्रातून टोकन काढलं आणि बायकोशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. त्यांच्यापुढे अकरा जण होते. त्यातले सात बाळाचं नाव घालायला आले होते.